सगुणाबाईची कढई

आमच्या घरात हिवाळा आला हे थंडीवरून नाही, आईच्या पिशवीवरून कळायचं. पावसाळाभर ती दाराआडच्या खुंटीवर लटकलेली असायची. जाड निळं कापड, आणि बंद इतक्या वेळा शिवलेले की मूळचा धागा कुठला ते आईलाही सांगता आलं नसतं. भातं कापून, झोडून झाली, नदीचं पाणी पायी ओलांडण्याजोगं उतरलं, की एका सकाळी आई ती पिशवी मागच्या अंगणात नेऊन झटकायची. त्यातून धूळ, एखादं झुरळ आणि मागच्या हिवाळ्यातली गुळाची चिकट पुरचुंडी बाहेर पडायची. मग शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, गीतांचं पुस्तक, गुळाची नवी पुरचुंडी, सुंठेचा तुकडा आणि जखमेवर लावायच्या लाल औषधाची बाटली आत जायची. बाबा दारात चहा पीत हे बघायचे आणि म्हणायचे, निघाली स्वारी. आई पदर खोचायची आणि चालू लागायची.

आई बायबलबाई होती. हा शब्द ऐकून आता माझ्या नाती हसतात, पण त्या काळी ते रीतसर काम होतं आणि त्याचे थोडेफार पैसेही मिळायचे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा पुण्याहून यायचे, उपासना घ्यायचे, पुरुषमंडळींशी बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत पोचणं त्यांना शक्य नव्हतं. तिथे माझी आई पोचायची. इकडे कोंडिवडे, कोंडाणे, तिकडे खालापूरच्या वाटेवरची गावं, सगळीकडे ती पायी हिंडायची. कुणाबरोबर वाल सोलत बसायची, कुणाचं तापलेलं पोर मांडीवर घ्यायची, आणि उठताना प्रभूचे दोन शब्द बोलायची. ज्या घरांत येशूचं नाव कुणी घेत नव्हतं तिथेही तिला ताक मिळायचं, जत्रेहून आणलेल्या सुक्या बोंबलाची मूठ मिळायची. ती मूळची नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. भाषा देशावरची, जिभेला धार, आणि माया करायची ती बहुधा रागावूनच. थंडीत कुणी उघड्या डोक्यानं बाहेर आलं की ती आधी बोलायची आणि मग स्वतःची शाल त्याच्या अंगावर टाकायची, तीही अशी की घेणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं.

बाबा कर्जतला रेल्वेत होते. गाडीला बोरघाट चढायला मागून जादा इंजिन लावावं लागतं, ते जोडायच्या कामावर ते असत. त्यामुळे आमचं सगळं बालपण लोखंडावर लोखंड आदळल्याच्या आवाजात गेलं. तो धाडकन आवाज आला की माझा धाकटा भाऊ दावीद, आमचा दावू, जेवता जेवता हात वर करून म्हणायचा, बाबांनी लावलं. इंजिन कुणीही लावलेलं असो, त्याच्या मते ते बाबांनीच लावलेलं असायचं. आमची खोली रेल्वेच्या चाळीतली अगदी शेवटची. तोटा असा की नळ लांब. फायदा असा की मागे मोकळी जागा, आणि तिथे दुपारभर ऊन. कर्जतचं हिवाळ्यातलं ऊन मोठं लबाड असतं. माथेरानच्या डोंगरामागे ते इतक्या लवकर सटकतं की अंगात ऊब येते न येते तोच सावली पायाशी येते. त्या उन्हाचा उपयोग आईनं करून घेतला.

दर बुधवारी, जेवणं आटोपली की बायका आमच्या मागच्या अंगणात जमायच्या. सगळ्या उन्हाकडे पाठ करून बसायच्या, म्हणून आमच्या चाळीत त्या बैठकीला पाठबैठक म्हणत. शेजारची मार्थामावशी सर्वांत आधी यायची. तिचा नवरा फिटर होता. मावशी अंगानं आडवी आणि आवाजानं उभी, असं बाबा म्हणायचे. गीत सुरू करायची ती इतक्या वरच्या पट्टीत की बाकीच्यांना नुसतं तोंड हलवत बसावं लागे. मग चाळीतल्या इतर बायका यायच्या, आणि लांबच्या वाड्यावस्त्यांतून ज्या येऊ शकत त्या. रिकाम्या हातानं कुणी बसायचं नाही. कुणी गोधडीला टाके घालायचं, कुणी शेंगा सोलायचं, कुणी लेकराच्या डोक्यातल्या उवा बघायचं. आई शास्त्र मांडीवर ठेवायची पण उघडायची नाही. आधी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, "हं. आता कुणाचं काय, सांगा."

मग बायका सांगायच्या. सासू बोलली, गाय आटली, नवरा पिऊन आला, पाळी चुकली, पोर शाळेत जात नाही. आईचा नियम एकच होता आणि तो मोडणाऱ्या बाईला ती सर्वांसमक्ष झापायची. एकीनं सांगितल्यावर दुसरीनं उपदेश करायचा नाही. माझ्या जावेचंही असंच झालं होतं, म्हणून सुरू करायचं नाही. फक्त म्हणायचं, आम्ही आहोत. वाड्यावस्त्यांवरच्या बायका म्हणायच्या, आमी हाय. तेवढंच. मग ज्या बाईनं सांगितलं तिनंच प्रार्थना करायची, स्वतःच्या शब्दांत. पहिल्यांदा येणाऱ्या बायका घाबरायच्या. मोठे मोठे शब्द आठवायला बघायच्या. आई म्हणायची, अगं, प्रभू काय परीक्षक आहे का तुला गुण द्यायला? जे पोटात आहे ते सांग. गोड करून सांगू नकोस, त्याला काय गूळ कमी आहे?

आता डिसेंबर आला की माझ्या नातीच्या चर्चमंडळीतल्या बायका मोबाईलवर एकमेकींना धीर देणारे संदेश पाठवतात. ती मलाही पाठवते. सुंदर असतात, नाही असं नाही. एक शास्त्रवचन, खाली बर्फानं झाकलेलं झाड आणि एक दिवा. मी तिला विचारलं, बाई गं, कर्जतला बर्फ कधी पडला? ती म्हणाली, आजी, फील बघ ना. मी फील बघते. पण खरं सांगायचं तर मला धीर म्हटला की पाठीवरचं ऊन आठवतं आणि तुपाचा वास येतो. तो वास का येतो, तेच इथे लिहून ठेवायचं आहे.

नाताळच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे कढईचे दिवस. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत साखर मिळायची मारामार होती, म्हणून आई अनारसे करायची, त्याला गूळ चालतो. तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर वाळवायचे आणि दमट असतानाच उखळात कांडायचे. तांदूळ मात्र जुने हवेत, यावर आईचा फार कटाक्ष. ती कढईपाशी बसली की दावू समोर आपली पितळी वाटी घेऊन बसायचा. त्याला अख्खा अनारसा नको असायचा. तळताना जो तुटतो, तुपात पसरतो, त्याचा चुरा झाऱ्यानं वर काढला की तो त्याच्या वाटीत. एखादा अनारसा धड निघाला की हा खट्टू व्हायचा. आई म्हणायची, मेल्या, तुझ्या नजरेनंच तुटतात हे. आणि मग, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, एखाद्या धड अनारशाला ती झाऱ्याची कड हळूच लावायची.

या कढईचाच एक रिवाज होता, तो सांगायला हवा. ज्या घरात त्या वर्षी मयत झालं असेल त्या घरात सणाला कढई चढत नाही. शेजारपाजारचे लोक ताट झाकून आणून देतात. आमचे लोक बाप्तिस्मा घेऊन पिढी उलटली तरी हे सोडायला तयार नव्हते, आणि आईचं याच्याशी उभं वैर. ती म्हणायची, आनंदाची बातमी अंधारात बसलेल्यांना आली, आणि तुम्ही अंधारात बसलेल्या घरालाच चूल पेटवू देत नाही, ही कुठली तऱ्हा? कोंडाण्याच्या खालच्या अंगाला एक सगुणाबाई राहायची. थोडी भातशेती, दोन लहान पोरं. तिचा नवरा भातकापणीत साप चावून गेला. त्या वर्षी नाताळच्या आधी आईनं आमची कढई उपडी करून डोक्यावर घेतली, तूप-पिठाचे डबे माझ्या हातात दिले आणि आम्ही दोघी पहाटे निघून सगुणाबाईच्या दारात उभ्या राहिलो. सगुणाबाई दार अडवून उभी. तिचं तोंड सुकून गेलं होतं. म्हणाली, बाई, या घरात औंदा कढई नाय चढायची. आई म्हणाली, ही तुझ्या घरातली नाही गं, माझी आहे, आणि तिला बाजूला सारून आत गेली. लोक काय म्हनतील, म्हणून सगुणाबाई रडायला लागली. आई चूल फुंकत म्हणाली, लोक बोलतील आणि पोरं खातील, दोन्ही होऊ दे. त्या दिवशी आईनं तिथे शास्त्र पिशवीतून काढलंच नाही. येताना मी विचारलं तर म्हणाली, "दुःखाच्या घरात आधी चूल पेटवावी, एस्तू. बाकीचं मागाहून."

त्यानंतर दोन वर्षांनी आमचा दावू गेला. भादव्यात हिवताप आला. लढाईमुळे हिवतापावरचं कोयनेल मिळत नव्हतं, बाबा कल्याणपर्यंत जाऊन हात हलवत परत आले. शेवटच्या दिवशी दुपारी लोखंड आदळल्याचा तो आवाज आला तेव्हा त्याने हात वर केला नाही, आणि आईनं त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तो सहा वर्षांचा होता. मी या वयातही त्याबद्दल याहून जास्त लिहू शकत नाही, आणि लिहिणारही नाही.

आई स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, माझी वेणी घालायची. पण ती बोलायची थांबली. म्हणजे मीठ दे, पाणी भर, एवढं बोलायची. रात्रीच्या जेवणाआधीची प्रार्थना नेहमी ती करायची, आता ती नुसती मान खाली घालून बसे आणि बाबांना करावी लागे. बाबा बिचारे दोन वाक्यांत अडकायचे. भातं कापून झाली, नदी उतरली, पिशवी खुंटीवरच. मी एक दिवस मुद्दाम ती काढून तिच्यासमोर झटकली. तिने माझ्या हातून घेतली आणि परत खुंटीला लावली. पाळकसाहेब आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं की नाताळ झाला की मी हे काम सोडते. ज्या तोंडातून स्वतःसाठी शब्द निघत नाही त्या तोंडानं दुसऱ्याला काय सांगू, असं काहीतरी ती म्हणाली. बाबांनी दौंडच्या बदलीसाठी शब्द टाकला. तिथे आईचा भाऊ होता. आम्ही कर्जत सोडणार हे चाळभर झालं. मला कर्जत सोडायचं नव्हतं, पण त्याहून मला माझी रागावणारी आई परत हवी होती. घरात आता कुणीच कुणाला रागवत नव्हतं आणि ते फार भयंकर होतं.

पाठबैठकीच्या बायका तरीही बुधवारी आल्या. मार्थामावशी म्हणाली, जागा काय बाईंच्या मालकीची नाही, ऊन सगळ्यांचं आहे. त्या मागे बसल्या, आई आत, मागचं दार लोटलेलं. कुणाला सुरुवात करायचा धीर होईना. शेवटी मावशीनं गीत उचललं, नेहमीसारखं आभाळात, आणि दोन कडव्यांत ते विरून गेलं. त्या दाराकडे बघत होत्या आणि मी आतून आईकडे बघत होते. आई तांदूळ निवडत होती. पुढच्या बुधवारी निम्म्याच आल्या.

नाताळ जवळ आला तशी आमच्या पुढच्या दारात ताटं यायला लागली. झाकलेली, वर स्वच्छ रुमाल. बायका ताट उंबऱ्यावर ठेवायच्या, मला खुणेनं दाखवायच्या आणि आवाज न करता जायच्या. मार्थामावशीचं ताट सगळ्यांत मोठं. मी तिला बाहेर गाठून विचारलं, मावशी, आत का येत नाहीस? आई तर नेहमी सांगायची की ताट झाकून आणू नका, आत या, चूल पेटवा. मावशीचे डोळे भरून आले. म्हणाली, "कळतंय गं सगळं. पण तुझ्या आईच्या घरात जाऊन तुझ्या आईलाच कसं शिकवायचं? धीर होत नाही बघ." माझा तिच्यावर राग नाही, तेव्हाही नव्हता. बायकांना आईचा धाक होता. सगळा हिवाळा जी दुसऱ्यांना उचलते तिला उचलायचं कुणी, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. सगळ्यांनी आपापल्या परीनं मान राखला, आणि मान राखता राखता तिला एकटं टाकलं. आईनं ती ताटं भिंतीशी ओळीनं लावली. एकाचाही रुमाल तिने उचलला नाही.

नाताळ दोन दिवसांवर होता आणि बुधवार होता. बाबा कामावर गेले होते. मी पुढच्या दारात बसले होते. चाळीच्या टोकाकडून एक बाई येताना दिसली, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उपडी कढई, त्यामुळे तोंड दिसेना. काखेत फडक्यात बांधलेले डबे. जवळ आली तेव्हा ओळखलं, सगुणाबाई. कोंडाण्याहून अंधारात निघाली असणार, पायांवर धुळीचे मोजे चढले होते. मला म्हणाली, बाई हाय ना घरात? आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली. कढई उतरवून तिने चुलीपाशी ठेवली, आणि तीन दगडांच्या शेतावरच्या चुलीसमोर बसावं तशी ऐसपैस बसली.

आई भिंतीशी टेकून बसली होती. म्हणाली, "सगुणा, या घरात यंदा कढई चढायची नाही."

सगुणाबाई लाकडं सारखी करत होती. वर न बघता म्हणाली, "ही तुमच्या घरातली नाय, बाई. माजी हाय."

हे आईचेच शब्द होते. आईनंही ते ओळखलं असणार, कारण तिने सगुणाबाईकडे एकदा निरखून पाहिलं. ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सगुणाबाईनं फुंकणी घेतली, जाळ केला, तूप ओतलं. एवढं तूप त्या वर्षात तिने कुठून जमवलं देव जाणे. मला म्हणाली, पोरी, खसखस दे. मी दिली. तिने केळीच्या पानावर अनारसा थापला आणि तुपात सोडला.

तो क्षणभर फुलला आणि पसरला. कडा सुटल्या, मधे भोकं पडली, आणि बघता बघता सगळ्या कढईत भुगा झाला. आमच्याकडे याला अनारसा हसला असं म्हणतात. सगुणाबाईनं तो भुगा झाऱ्यानं गोळा करून परातीत काढला आणि दुसरा सोडला. तोही तसाच गेला. तिसराही पसरला. गूळ करपल्याचा वास सुटला. ही बाई मैलोन्‌मैल चालत, वर्षाचं तूप घेऊन आली होती, आणि तिच्यासमोर सगळं वाया जात होतं. तिच्या कपाळावर घाम आला. ती काही मुद्दाम करत नव्हती, हे मी पैजेवर सांगते. तिला खरोखर जमत नव्हतं, आणि तिला रडू येत होतं.

भिंतीकडे तोंड केलेल्या आईचा आवाज आला. "नव्या तांदळाचं आहे का गं पीठ?"

सगुणाबाई म्हणाली, "व्हय बाई. माज्या शेतातला औंदाचा पयला तांदूळ. म्हटलं, दावूच्या नावाचा नवाच पायजे. जुना कसा आनू?"

आईनं मागे वळून पाहिलं. भावाचं नाव त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आम्ही सगळे ते नाव टाळून बोलायचो, वाटेतला खड्डा टाळून चालावं तसे. आई उठली. नव्या तांदळाला चिकटा असतो, अनारसा धरत नाही, एवढंही कळत नाही का तुला, आणि जाळ केवढा केलास, घर पेटवायचंय का माझं, असं म्हणत तिने दोन लाकडं बाहेर ओढली. भाकरीच्या पिठाच्या डब्यातलं जुन्या तांदळाचं कोरडं पीठ मूठभर काढलं, सगुणाबाईच्या पिठात मळलं, पुन्हा मळलं, बोटांत दाबून बघितलं. सगुणाबाईला म्हणाली, सरक. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. माझी आई रागावत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभ्या उभ्या रडले.

तिने अनारसा सोडला. तो धरला. खसखस वर, खाली सोन्यासारखी जाळी, कड धड. आईनं तो झाऱ्यावर घेऊन निथळवला, आणि ठेवायला परात ओढली, तर परातीत चुरा. ढीगभर चुरा. मग तिने फळीवरची दावूची पितळी वाटी काढली, पदरानं पुसली, आणि त्या चुऱ्यानं काठोकाठ भरली. वाटी समोर ठेवली, जिथे तो बसायचा तिथे. आणि मग आई रडली. भादव्यापासून रडली नव्हती ती. चाळीतल्या शेवटच्या खोलीतून पहिल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं रडली. माझं लेकरू, माझं लेकरू, एवढंच म्हणत होती. सगुणाबाईनं आधी कढई उतरवून बाजूला ठेवली, तूप करपू नये म्हणून. मग आईच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसली. तिने स्वर्गाचं काही सांगितलं नाही. माझ्या घोवाचंही असंच झालं, असंही म्हणाली नाही. खूप वेळानं, आईचा आवाज बसल्यावर, ती म्हणाली, "आमी हाय, बाई."

दुपार झाली होती. रडणं ऐकून बायका मागच्या अंगणात जमल्या होत्या आणि आत यावं की नाही या विचारात उभ्या होत्या. मार्थामावशीच्या हातात अर्धी शिवलेली गोधडी तशीच. आईनं मागचं दार उघडलं. तोंड धुतलेलं नव्हतं, केस सुटलेले. हातात चुऱ्याची परात. म्हणाली, हे दावूचं आहे. आणि पहिल्यांदा मार्थामावशीपुढे परात धरली. मावशीनं चिमूट घेतली. मग परात एकीकडून दुसरीकडे गेली, माझ्यापर्यंतही आली. थोडासा करपलेला, गोड, तुपाळ. मार्थामावशी गप्प बसलेली मी आयुष्यात तेवढीच एकदा पाहिली.

मग आई आपल्या जागेवर बसली, उन्हाकडे पाठ करून. तिने डोळे मिटले तसे सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत, म्हणून मला सांगता येतंय. आई म्हणाली, "प्रभू, मी तुझ्यावर रागावले आहे. फार रागावले आहे. तू त्याला का नेलंस ते मला कळत नाही, आणि कुणी सांगितलं तरी पटणार नाही. पण मी आलेय. बसलेय इथे." आणि ती थांबली.

बायकांनी डोळे किलकिले करून एकमेकींकडे पाहिलं. अशी प्रार्थना कुणी ऐकलेली नव्हती. देवावर राग धरल्याची कबुली, तीही बायबलबाईच्या तोंडून, आणि याला आमेन म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? आमेन म्हटलं तर आपणही रागावलो असं होणार का? मावशी कानकोंडी झाली. कुणाच्या तरी मांडीवरचं पोर कुरकुरलं. तेवढ्यात मागून, भिंतीला टेकून बसलेल्या सगुणाबाईचा आवाज आला, ठाम, शेतावरून हाक मारावी तसा. "आमेन." मग एकीनं म्हटलं, मग दुसरीनं, आणि मग सगळ्यांनी.

आम्ही दौंडला गेलो नाही. बाबांनी बदलीचं कुणाला काय सांगून मिटवलं ते मला ठाऊक नाही, मीही कधी विचारलं नाही. आईची पिशवी नव्या वर्षात खुंटीवरून उतरली आणि पुढे कितीतरी हिवाळे तशीच उतरत राहिली. दुखवट्याच्या घरी नाताळाला झाकलेलं ताट न्यायची रीत आमच्या बायकांत बंद झाली, ताटाऐवजी कढई जायला लागली. आई पूर्वीसारखी झाली असं मात्र मी म्हणणार नाही. इंजिन जोडल्याचा आवाज आला की तिचा हात, जे काही करत असेल त्यावर, क्षणभर थांबायचा. तो शेवटपर्यंत थांबत राहिला.

पण त्या बुधवारी आमेन झाल्यावर कुणालाच पुढे काय करावं ते सुचेना. ऊन माथेरानच्या डोंगराकडे कलायला लागलं होतं, अजून थोडंसं पाठीवर होतं. आईनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. मार्थामावशीच्या मांडीवरची गोधडी स्वतःकडे ओढली, सुई शोधली, एक टाका घातला. मग मान वर करून तिने सगळ्यांकडे, एकीलाही न वगळता, नजर फिरवली आणि म्हणाली, "हं. आता कुणाचं काय, सांगा."